नदीवरनं आलेली लाइन

हिंगणोळीत 'इंटरनेट केंद्र' हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. लोक म्हणायचे, "ब्राह्मीच्या खोलीवर जाऊन येतो."

खोली तशी गावाची. कृष्णेच्या वळणावर, घाटाच्या वरच्या उंचवट्यावर पूर्वी दूधसंस्था होती. ती बंद पडल्यावर तिथं सरकारी योजनेतून संगणक आले, प्रिंटर आला, अंगठा लावायचं यंत्र आलं, छतावर सोलरच्या पाट्या बसल्या. पहिला चालवणारा मुलगा पुण्यात नोकरी लागताच कुलूप लावून गेला तो गेलाच. कुलपावर कोळ्यांनी जाळी विणली. मग एका ग्रामसभेत चौगुल्यांची सून ब्राह्मी उठली आणि म्हणाली, "किल्ली माझ्याकडं द्या, मी चालवते." बायका पदराआड हसल्या. पुरुषांनी तिच्या सासऱ्यांकडं, बाळगोंडा आप्पांकडं पाहिलं. आप्पा पाणीपुरवठा संस्थेचे चेअरमन. गावात त्यांचा शब्द खाली पडत नसे. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"चालवू दे की. घरात तरी कुटं गप बसतीया."

ब्राह्मी निपाणीकडची. शिकलेली होती, बोलायला मोकळी होती आणि हातातलं काम अर्ध्यावर सोडायचं तिला जमत नसे. नवरा भरतेश ऊस आणि हळद बघायचा. ती सकाळची कामं उरकून खोलीवर जायची आणि दिवेलागणीच्या आधी परत यायची. घर जैनांचं, सूर्यास्तापूर्वी जेवायची रीत होती, त्यामुळं खोलीही तेव्हाच बंद व्हायची. पण तेवढ्या वेळात काय काय व्हायचं! सातबारा निघायचे, पिकाची नोंद व्हायची, मुलींचे कॉलेजचे प्रवेश व्हायचे. आणि गुरुवारी दुपारी उपकेंद्राची नर्स आपले पेशंट घेऊन यायची. सांगलीचे डॉक्टर पडद्यावर दिसायचे.

त्या पेशंटांत मनुबाई होती. साखरेचा आजार, आणि डाव्या पायाला न भरणारी जखम. डॉक्टर दर गुरुवारी कॅमेऱ्यातून जखम बघून पट्टी आणि गोळ्या बदलून द्यायचे. मनुबाई पडद्यापुढं पाय वर धरायची आणि डॉक्टरांना दटावायची, "नीट बगा, डोळं मिटून बोलू नगा." जखम हळूहळू भरत आली होती.

आणि मग उन्हाळ्याच्या शेवटी रस्ता रुंद करायचं काम आलं. खोदणाऱ्या यंत्रानं गावाकडं येणारी फायबरची केबल मुळासकट उपटून काढली. एका ठिकाणी नव्हे, जागोजागी.

ब्राह्मीनं तक्रार केली. उत्तर आलं, दुरुस्ती करणाऱ्यांची मुदत संपली आहे, नवे नेमले की बघतील. नवे कधी नेमणार हे कुणाला माहीत नव्हतं. नदीच्या वळणात मोबाईलची रेंज आधीच मरतुकडी. तिनं गच्चीवर बांबू रोवून त्याला मोबाईल बांधला, खाली लॅपटॉप घेऊन बसली, आणि सासूबाई गुणमाला डोक्यावर छत्री धरून उभ्या राहिल्या. एखादा अर्ज निम्म्यापर्यंत जायचा आणि गोल गोल फिरत बसायचा. डॉक्टरांचा चेहरा दिसायचा तो थिजलेला, तोंड उघडं.

"मेला का काय ह्यो?" मनुबाईनं घाबरून विचारलं.

"न्हाई आजी, रेंज मेली."

आठवडे गेले. मनुबाईच्या जखमेच्या कडा पुन्हा लाल झाल्या. तिला सांगलीला न्यायचं तर एसटीत पाय खाली सोडून बसावं लागायचं आणि परत येईपर्यंत पायाचा भोपळा व्हायचा. त्यातच तालुक्याच्या कचेरीतल्या साहेबांचा फोन आला. साहेब भला माणूस होता, आवाजात अपराधीपणा होता.

"ताई, बंद पडलेल्या केंद्रांतली यंत्रं चालू असलेल्या गावांना द्यायची असं ठरतंय. पावसाळा संपेपर्यंत तुमचं सुरू झालं नाही तर माझाही नाइलाज आहे."

ब्राह्मीनं विचारलं, "जवळपास कुठलं केंद्र चालू आहे साहेब?"

"तुमच्या समोरचंच की. पाडळवाडीचं. त्यांची लाइन पलीकडच्या हायवेकडनं येते, ती शाबूत आहे."

पाडळवाडी नदीच्या पलीकडच्या काठावर होती, हाक मारली तर ऐकू जाईल इतकी जवळ. पण हिंगणोळीचा माणूस पाडळवाडीला हाक मारत नसे.

कारण होतं होड्यांची शर्यत. ब्राह्मी लग्न होऊन यायच्या कितीतरी आधीची गोष्ट. हिंगणोळीच्या होडीचं सुकाणू बाळगोंडा आप्पांकडं, पाडळवाडीच्या होडीचं नाथाजी निकमांकडं. शेवटच्या टप्प्यात दोन्ही होड्या एकमेकींवर आदळल्या. आडवं कोण आलं यावरून आधी शिव्या झाल्या, मग वल्ही डोक्यांवर बसली. त्या दिवसापासून सोयरीक बंद, जत्रेचं आवतण बंद. हिंगणोळीची होडी घाटावर पालथी पडून कुजून गेली. अर्जुनाची नाव अजून चालायची, पण तिच्यात मेंढपाळ, वैरणवाले आणि परगावचे लोक बसायचे. आपली माणसं लांबचा पूल गाठून वळसा घ्यायची.

ब्राह्मी दुसऱ्या दिवशी सकाळी अर्जुनाच्या नावेत बसली.

अर्जुनानं वल्हं उचललं आणि तसंच हातात धरून ठेवलं. "वहिनी, चेअरमनला ठाव हाय का?"

"संध्याकाळी ठाव होईल. तुमी चला."

पाडळवाडीचं केंद्र शाळेच्या एका वर्गखोलीत होतं. ते चालवायचे मल्हार निकम, सैन्यातून निवृत्त झालेले सिग्नलचे हवालदार. उंच, ताठ, केस अजून बारीक कापलेले. हिंगणोळीची सून दारात बघून ते खुर्चीतून उठलेच.

"या, बसा. पर बसाल तर अंधारात बसावं लागंल," ते म्हणाले. "लाइन हाय आमच्याकडं, लय झ्याक हाय. वीज न्हाई. दुपारी जाती ती राती येती. आन् बॅटऱ्या ह्या अशा." त्यांनी कोपऱ्यात बोट दाखवलं. बॅटऱ्या फुगून त्यांची पोटं सुटली होती. "सैपाक तयार आन् चूल इझलेली, असली गत."

ब्राह्मीला हसू आलं. "आमच्याकडं उलटं आहे. सोलर आहे, बॅटऱ्या धडधाकट आहेत. लाइन नाही."

मग मल्हाररावांनी तिला शाळेच्या गच्चीवर नेलं. कपाटाआडून एक धुळकट खोकं काढून आणलं होतं. आत दोन पांढऱ्या डिश होत्या, मोठ्या ताटाएवढ्या. मागच्या कुठल्याशा योजनेत आल्या होत्या आणि कुणी उघडल्याही नव्हत्या.

"ह्या एकमेकींकडं तोंड करून बसवल्या की वायर लागत न्हाई. हिकडचं इंटरनेट तिकडं जातंय. पर मदी काय आडवं आलं न्हाई पायजे. झाड न्हाई, भिंत न्हाई." त्यांनी डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून पलीकडं बघितलं. "तुमची खोली तर दिसतच न्हाई. घाटावरच्या चिंचा आन् वड समदं झाकत्यात." मग त्यांचं बोट थांबलं. "त्यो बुरूज कुनाचा?"

हिंगणोळीच्या बाजूला, काठापासून आत पात्रात, सिमेंटचा उंच गोल बुरूज उभा होता. ती जॅकवेल. नदीचं पाणी उचलून शेतांना देणारे पंप तिच्या माथ्यावरच्या खोलीत होते. काठापासून तिथवर लोखंडी पायपूल जायचा. झाडांच्या पुढं, मोकळ्यावर.

"पाणीपुरवठा संस्थेचा," ब्राह्मी म्हणाली. "चेअरमन माझे सासरे."

"मग काम झालं म्हना की!"

"अडलं म्हणा."

आणि तसंच झालं. जेवताना तिनं विषय काढला आणि आप्पांचा घास हातातच राहिला.

"त्या गावाशी आपला तारंचा बी संबंध नगं."

"तार नाहीच मामंजी. बिनतारी आहे."

भरतेशला ठसका लागला. आप्पा हसले नाहीत. "माझ्या जॅकवेलवर पाडळवाडीची वस्तू चढनार न्हाई. लाइन आपली येईल तवा येईल."

"तोपर्यंत मनुबाईचा पाय?"

आप्पा ताटावरून उठले. त्यांच्यात उत्तर न देता उठणं म्हणजे उत्तर असायचं.

ब्राह्मीला राग आला, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. आप्पा दुष्ट नव्हते. तिनं खोली चालवायला घेतली तेव्हा तेच तिच्या पाठीशी उभे राहिले होते. दुसऱ्या दिवशी ती खोलीवर गेली, संगणकांवरची धूळ पुसली, सगळ्यांवर जुनी साडी झाकली आणि नुसती बसून राहिली.

त्या गुरुवारी गुणमाला काकूंनी घरात कुणाला न सांगता जे केलं, ते गाव अजून सांगतं. त्यांनी मनुबाईला हाताला धरून घाटावर आणलं. दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत. अर्जुनाच्या नावेत घोंगडं अंथरलं, त्यावर मनुबाईचा पाय नीट ठेवला, आणि स्वतः तिच्याशेजारी बसल्या. पार भरलेला होता. आप्पा तिथंच होते.

"आवं, कुटं निगाला?" कुणीतरी ओरडलं.

"डाक्टराकडं," काकू म्हणाल्या. "ह्या गावचा डाक्टर त्या गावात ऱ्हायला गेलाय. काय करनार?"

आप्पांकडं त्यांनी बघितलंही नाही. नाव निघाली. आप्पा घाटाच्या पायरीवर जाऊन उभे राहिले, आणि नाव परत येईपर्यंत तिथून हलले नाहीत. पाडळवाडीत त्या दुपारी नेमकी वीज टिकली. डॉक्टरांनी जखम बघितली, औषध बदललं आणि दर आठवड्याला दाखवायलाच हवं असं बजावलं. "पाय वाचेल, पण चुकवू नका," ते म्हणाले. पाडळवाडीच्या बायकांनी चहा केला. त्यांतली एक निघाली मनुबाईच्या माहेरची.

पुढच्या फेरीला नावेत जागा पुरेना. कुणाला लेकीचा प्रवेश करायचा होता, कुणाला आधारवरचं नाव दुरुस्त करायचं होतं. ब्राह्मी त्यांच्याबरोबर जायची आणि मल्हाररावांच्या शेजारी बसून कामं उरकायची. वीज गेली की बायका शाळेच्या व्हरांड्यात गप्पा मारत बसायच्या. इतक्या वर्षांच्या गप्पा साठल्या होत्या; त्यांना वीज लागत नव्हती.

पुरुष मात्र पारावर बसून होते. बायका नदीपार जातात आणि आपण बघत बसतो, ही गोष्ट कुणाला गोड लागत नव्हती, पण चेअरमनपुढं बोलणार कोण?

जुलै अर्धा सरला तसा वर घाटमाथ्यावर पाऊस धरून बसला. नदीचा रंग बदलला. तांबडं पाणी रोज एकेक पायरी गिळायला लागलं. एका सकाळी अर्जुनानं सांगितलं, "काकी, आता दोनचार दिस. मग नाव बंद. धारंला जोर आलाय."

काकू तरीही निघाल्या. मनुबाईला घेऊन नावेत बसल्या. नाव मध्यावर गेली तेव्हा एक मोठा ओंडका वाहत आला. अर्जुनानं वल्हं मारून नाव वळवली, ओंडका घासून गेला, नाव डुलली, बायकांची किंकाळी काठापर्यंत आली. नाव सुखरूप पलीकडं लागली. पण पायरीवर उभे असलेले आप्पा तिथंच खाली बसले.

थोड्या वेळानं ते उठून खोलीवर आले. ब्राह्मी आज थांबली होती, ओल आलेल्या भिंतीपासून टेबलं दूर ओढत होती. आप्पांनी कनवटीची जॅकवेलची किल्ली काढून तिच्यापुढं ठेवली.

"किती येळ लागंल ते बसवायला?"

ब्राह्मीला आधी कळलंच नाही. "मामंजी?"

"बाया पान्यातनं जात्यात आन् म्या काठावर बसून बगतोय. न्हाई बगवत पोरी." मग ते पुन्हा चेअरमन झाले. "पानी चडतंय. पायपूल उद्याच्याला बुडंल. काय वायर वढायची ती आज सांजच्यालाच वढा, बाकीचं उद्या सकाळी."

निरोप अर्जुनानं पलीकडं नेला. आणि सकाळी हिंगणोळीच्या घाटावर सगळं गाव लोटलं असताना पाडळवाडीकडून होडी निघाली. साधी नाव नव्हे. लांब, निमुळती, शर्यतीची होडी. वल्ह्यांवर पाडळवाडीची जवान पोरं आणि सुकाणूवर नाथाजी निकम. मल्हाररावांचे ते चुलते. केस पांढरे झाले होते, पण पाठ तशीच. होडीच्या पोटात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक डिश होती. दुसरी मल्हाररावांनी शाळेच्या गच्चीवर आधीच बसवली होती.

पायपूल रात्रीतच पाण्याखाली गेला होता. जॅकवेलला आता होडीनंच जायला लागणार होतं. तिथं पाणी बुरजावर आपटून खाली गरगरत होतं.

नाथाजींनी होडी पायरीला लावली आणि मान वर केली. आप्पा पुढं झाले. दोघं म्हातारे एकमेकांसमोर आले.

"नाथाजी," आप्पा म्हणाले, "बुरजाच्या खाल्ल्या अंगाला भवरा हाय. वरनं दिसत न्हाई. मला म्हाईत हाय."

नाथाजींनी एकवार भोवऱ्याकडं बघितलं. मग सुकाणूवरचा हात काढला आणि बाजूला सरकले. "मग हितं बस की. उबा कशापायी?"

आप्पा होडीत उतरले. धोतर खोचलं, सुकाणू हातात घेतलं. मागोमाग ब्राह्मी चढली, साडीऐवजी भरतेशची जुनी पँट आणि शर्ट घालून, कमरेला दोर. भरतेश आणि हिंगणोळीचे आणखी काहीजण वल्ह्यांवर बसले; पाडळवाडीच्या पोरांनी सरकून जागा केली.

"हां... मारा!"

होडी धारेत शिरली तशी सरळ वाहून जायला लागली. आप्पांनी ती आधी वर, धारेच्या उलट दिशेला नेली. लोकांना वाटलं चुकले. मग अचानक सुकाणू दाबलं, आणि होडी पाण्याच्या रेट्यानं तिरकी होत अलगद बुरजाच्या शिडीला येऊन टेकली. भोवरा हातभर अंतरावर गरगरत राहिला.

"धर!" नाथाजींनी शिडीच्या गजाला दोर टाकला आणि दोन्ही हातांनी आवळून धरला.

ब्राह्मी चढली. शिडी ओली, वारा अंगाला ढकलणारा, खाली तांबडं पाणी. तिनं खाली बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि तरी एकदा बघितलं. आप्पा वर तिच्याकडंच बघत होते.

"डोळं वर! हात घट!" ते ओरडले. "म्या हाय हितं."

माथ्यावर पोचल्यावर तिनं दोरानं डिश वर ओढून घेतली. भरतेशही चढून आला. दोघांनी पंपघराच्या कठड्याला लोखंडी नळी आवळली, तिच्यावर डिश बसवली. मग वायर. ती पंपघराच्या विजेच्या खांबांवरून काठापर्यंत आणि तिथून खोलीपर्यंत काल संध्याकाळीच, पूल बुडायच्या आधी, ओढून ठेवली होती. त्याच वायरीतून खोलीतल्या बॅटऱ्यांची वीज डिशला मिळणार होती. ब्राह्मीनं टोक जोडलं. डिशच्या पाठीवरचा एक दिवा लागला. बाकीचे, पलीकडचा सिग्नल मिळाला की लागणारे, अंधारातच.

पलीकडं शाळेच्या गच्चीवर मल्हारराव पिवळं फडकं घेऊन उभे होते. बोलायला रेंज नव्हती, म्हणून त्यांनी फौजी खुणा ठरवल्या होत्या. फडकं डावीकडं, म्हणजे डिश डावीकडं. फडकं वर, म्हणजे तोंड वर. ब्राह्मी डिश केसाकेसानं फिरवत होती. दुसरा दिवा लुकलुकला, विझला. पुन्हा लुकलुकला. वाऱ्यानं डिश हलली आणि तो गेला.

"खाली बगू नगं, घाई करू नगं," भरतेश म्हणाला, पण त्याचेच दात वाजत होते.

ब्राह्मीनं डोळे मिटून खांदा नळीला टेकवला, अंगानं वारा अडवला आणि डिश अगदी थोडी, नखभर, उजवीकडं ढकलली. डोळे उघडले तर दुसरा दिवा स्थिर. मग तिसरा. मग चौथा, हिरवागार. पलीकडं मल्हाररावांनी फडकं टाकूनच दिलं आणि दोन्ही हात वर करून नाचायला लागले. सिग्नलचे हवालदार असे नाचतात हे पाडळवाडीनं पहिल्यांदाच बघितलं असेल.

"बोल्ट आवळ!" ब्राह्मी किंचाळली. "आधी बोल्ट आवळ, मग रड!"

खोलीवर गुणमाला काकू बसल्या होत्या. सुनेनं शिकवून ठेवलेलं बटण त्यांनी दाबलं होतं. पडद्यावर आधी पाडळवाडीची वर्गखोली आली, मग धापा टाकत गच्चीवरून आलेले मल्हारराव.

"हिंगणोळी, आवाज येतोय का?"

"येतोय!" काकूंनी इतक्या जोरात सांगितलं की आवाज नदीवरूनच पलीकडं गेला असता. बाहेर घाटावर ओरडा झाला. हलगी कुणी आणली कळलं नाही, पण ती वाजायला लागली. होडी परत पायरीला लागली तेव्हा दोन्ही गावच्या पोरांनी दोन्ही म्हाताऱ्यांना खांद्यांवर घेतलं. आप्पा "सोडा रं, सोडा" म्हणत होते आणि उतरत नव्हते.

ब्राह्मी पायरीवर बसली होती. मनुबाई तिच्या शेजारी येऊन बसली, तिचे ओले हात आपल्या लुगड्यात घेतले आणि चोळत राहिली.

त्याच होडीतून हिंगणोळीच्या निम्म्या बॅटऱ्या आणि छतावरच्या सोलरच्या पाट्यांतल्या काही पाडळवाडीला गेल्या. हे कुणी ठरवलं नव्हतं. आप्पांनीच पोरांना सांगितलं, "रिकामी होडी लावू नगा."

बरं झालं. कारण पुढच्या दोन दिवसांत महापूर आला. नदीनं घाट गिळला, पार गिळला, खालची आळी गिळली. सगळीकडची वीज बंद केली गेली. मोबाईलचे टॉवर आधी अडखळले, मग मेले. आजूबाजूच्या गावांचा पत्ता लागेना. पण जॅकवेलचा माथा पाण्यावर उभा होता, त्यावरची डिश पलीकडं तोंड करून उभी होती आणि उंचवट्यावरच्या खोलीत दिवा जळत होता. सोलरवर तेवढं भागायचं, कधी ढग फाटले तर जास्तच.

खोली माणसांनी भरून गेली. मुंबईच्या, पुण्याच्या लेकरांना आईबाप सुखरूप असल्याचं कळत होतं. ब्राह्मी आणि मल्हारराव यांनी कामं वाटून घेतली: कुठल्या वाडीत किती माणसं अडकली, कुणाला औषध हवं, कुठलं घर पडलं, सगळं ते जिल्ह्याच्या कंट्रोल रूमला कळवायचे. पाडळवाडीच्या मळ्यात दिवस भरलेली एक बाई अडकली होती. बचावाची बोट शोधत फिरण्याऐवजी थेट तिच्या दारात गेली, कारण मल्हाररावांनी घर कुठल्या झाडामागं आहे हेही सांगितलं होतं. मुलगी झाली. बोटीतल्या जवानानं सांगलीला पोचल्यावर फोटो पाठवला, तो खोलीतल्या सगळ्यांनी बघितला. मनुबाईच्या पायाची पट्टी त्याही गुरुवारी चुकली नाही.

आणि संध्याकाळी जेवणाच्या आधी आप्पा खोलीवर यायचे, पडद्यापुढं बसायचे. पलीकडं नाथाजी असायचे.

"तुमच्याकडं कुटवर हाय रं पानी?"

"मारुतीच्या पायरीला. तुमच्याकडं?"

"जैन बस्तीच्या कट्ट्याला. उतरंल म्हंत्यात."

"उतरनारच की. कवा न्हाई उतरलं?"

पूर ओसरला. चिखल काढून झाल्यावर कचेरीतले साहेब आले. यंत्रं न्यायला नव्हे. यंत्रं हलवायचा विषय त्यांनी काढलाच नाही. घाटावरून जॅकवेलकडं बघत ते म्हणाले, "हे दुसऱ्या गावांना दाखवलं पाहिजे. याल का तुम्ही?"

दिवाळीनंतर हिंगणोळीची केबल जोडली गेली. पण नदीवरची डिश कुणी उतरवली नाही. महिन्याभरात पाडळवाडीची लाइन हायवेच्या कामात तुटली, आणि तेव्हा इंटरनेट उलट्या दिशेनं गेलं. पाडळवाडीच्या लोकांना कळलंसुद्धा नाही. काम चांगलं झालं की असंच होतं, कुणाला कळत नाही.

मग कडेगावकडची माणसं येऊन बघून गेली. उंब्रजहून एक बचत गट आला आणि दोन दिवस राहिला. फेब्रुवारीत शिराळ्याच्या डोंगरातल्या वाड्यांमधून बोलावणं आलं, तेव्हा ब्राह्मी आणि मल्हारराव दोघंही गेले.

तिथं सड्यावर, डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, नुसता वारा आणि वाळलेलं गवत. वाडीतल्या बायकांनी खांब स्वतः डोक्यावरून वर आणला होता, खड्डा खणून सिमेंटही भरलं होतं. समोरच्या डोंगरावर मल्हारराव मुंगीएवढे दिसत होते.

"कोन फिरवनार?" ब्राह्मीनं विचारलं.

बायका एकमेकींना पुढं ढकलायला लागल्या. शेवटी एक मध्यमवयीन बाई पुढं आली, पदर खोचला, डिशला हात लावला आणि लगेच काढला, चटका बसल्यासारखा.

"मोडली तर ओ?"

"मोडत नाही. दिव्यांकडं बघा आणि सावकाश फिरवा."

तिनं फिरवली. दिवा लागला, विझला. वारा आला. त्या बाईनं काही न सांगता आपलं अंग खांबाला टेकवलं आणि वाऱ्याकडं पाठ केली. ब्राह्मी दोन पावलं मागं सरली. हात पुढं करायचा मोह तिनं आवरला.

दुसरा दिवा. तिसरा.

"आला गं बया, आला!" ती बाई ओरडली आणि सगळा सडा बायकांच्या ओरडण्यानं दणाणून गेला.